टपावरचा खळगा

वाळलेली दुपटी काढायला शिवांजली अंगणात आली होती. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला, दुसरं पत्र्याच्या शेडच्या खांबाला, आणि मधे ती गाडी. पलीकडचं शेवटचं दुपटं काढायचं तर गाडीच्या टपावर हात टेकून, टाचा उचलून पुढं वाकावं लागे. रोजच लागे. त्या दुपारीही तिनं तसाच हात टेकला, दुपट्याचं टोक चिमटीत धरलं आणि ती तिथंच थांबली. तळहाताखाली पत्रा उतरत होता. दबत नव्हता, आपल्या जागी घट्टच होता. पण हाताला उतार लागला होता, झोपलेल्या माणसाच्या श्वासाइतका अलगद, आणि चार बोटं पुढं गेल्यावर तितकाच अलगद चढ. तिनं वाकून पाहिलं. टप सपाट होता. जुना रंग खरवडून, खाचांत लांबीचा लगदा भरून, घासून तिच्या नवऱ्यानं, सोमेशनं तो शाळेतल्या पाटीसारखा एकसारखा राखाडी करून ठेवला होता. तिनं डोळे मिटले, खळगा होता. उघडले, नव्हता. पुन्हा मिटले. आपल्या हाताला काहीतरी कळतंय आणि ते आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, याचं तिला नवल वाटलं. मग एकाएकी तिनं हात असा मागं घेतला, जसा तापलेल्या तव्यावरून घ्यावा. दुपटी छातीशी धरून ती घरात गेली. पाळण्यात सौंदर्या झोपली होती, डोक्याला टोपडं, टोपड्याची नाडी हनुवटीखाली नीट बांधलेली. ती नाडी शिवांजलीनं उगीचच पुन्हा एकदा तपासली.

बाळंतपणाला ती नेसरीला माहेरी गेली तेव्हा हे अंगण रिकामं होतं. पाचव्या महिन्यात लेकीला घेऊन परत आली, रिक्षातून उतरली, तर दारात ही. चाकं नाहीत, विटांवर उभी. दारं नाहीत, काचा नाहीत, पुढचे दिवे काढलेले आणि त्या जागी दोन भोकं. सोमेशनं फोनवर चकार शब्द काढला नव्हता. कोडोलीच्या एका निवृत्त मास्तरांच्या गुऱ्हाळात ही जुनी मारुती कित्येक वर्षं चिपाडाच्या ढिगाशेजारी पडून होती; कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या म्हणे. त्यानं ती टेंपोत घालून आणली होती. सासूबाई गंगव्वा उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळताना पुटपुटत होत्या की घरात लक्ष्मी यायच्या आधी ह्यानं भंगार आणून ठेवलं. सोमेश हसत होता. त्याच्या हाताला ग्रीस होतं म्हणून त्यानं लेकीला घेतलं नाही, नुसतं वाकून पाहिलं, आणि मग शिवांजलीला म्हणाला, "हिच्यातनं न्हेणार तुम्हा दोघींस्नी. बघशील तू." गाडीला तेव्हा गुळाचा वास होता. अजूनही होता. आतला गालिचा फाडून टाकला, पत्रा रॉकेलनं धुतला, तरी उन्हं तापली की कुठल्यातरी सांदीतून तो काकवीसारखा जळका गोड वास उठे आणि दाराच्या पोकळीतून मुंग्यांची रांग निघे. रात्रपाळीनं पोर जागवी, दिवसा घर जागवी, आणि अधल्यामधल्या ज्या दुपारी तिच्या वाट्याला येत त्या वेळी शिवांजली खिडकीशी बसून त्या सांगाड्याकडं बघत राही. त्याच्या आतून पलीकडची जास्वंद दिसायची. एवढं उघडं काही तिनं कधी पाहिलं नव्हतं. दवाखान्यातल्या टेबलावर ती स्वतः होती तेवढंच.

खळग्याचं तिनं संध्याकाळी चहा देताना सांगितलं. सोमेशला पटलं नाही. त्यानं बॅटरी आडवी धरून टपावर उजेड टाकला, एका डोळ्यानं बघितलं, फूटपट्टी उभी लावली आणि म्हणाला, काय न्हाय, तुला भास झाला. झोप न्हाय ना तुझी. तेवढ्यात सासरे आले. शिवमूर्तीअप्पांचं आयुष्य उद्यमनगरात पॅटर्न करण्यात गेलं होतं. पॅटर्न म्हणजे लाकडाचा नमुना: तो वाळूत दाबायचा, उचलायचा, मागं जी पोकळी राहील तिच्यात फाउंड्रीवाले लोखंड ओततात. लाकडाला जरा कुठं उंचवटा राहिला तर उचलताना वाळू ढासळते, म्हणून ते हात फिरवून पॅटर्न पास करायचे. त्यांनी खांद्यावरचा पंचा काढला, टपावर पसरला, पंचावरून तळहात ठेवला आणि डोळे मिटले. हात इतका सावकाश चालला होता की तो चालतोय हे त्याच्या सावलीवरून कळावं. एका जागी तो थांबला. अप्पांनी डोळे न उघडताच विचारलं, "हितं का गं?"

"व्हय मामा."

"हाय की," ते सोमेशला म्हणाले. "फूटपट्टी ठेव आता. डोळ्याला रंग दिसतोय, उजेड दिसतोय. हाताला ह्यातलं काय दिसत न्हाय, म्हणून त्याला कळतंय." मग शिवांजलीकडं वळून, जणू तिचं वय, तिचं बी. कॉम., तिचं माहेर सगळं नव्यानं बघत असल्यासारखं बघून, "कुणाचा हात घेऊन आलीस पोरी?" असं त्यांनी विचारलं. तिची आई रांगोळीसुद्धा धड काढत नव्हती.

त्या दिवसापासून ते तिचं काम झालं. सोमेश आणि अप्पा सकाळी पॅटर्नच्या दुकानी जाण्याआधी कुठं पत्रा ठोकून, कुठं लांबी भरून जात. वाळली की दुपारी तिनं बघायचं. पाळण्याची दोरी खिडकीतून बाहेर घेतलेली, एक झोका पाळण्याला आणि एक फेरा पत्र्यावर. जिथं हात अडे तिथं खडूनं गोल करायचा. पाण्यात भिजवलेला वॉटरपेपर लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळून ती घासायलाही शिकली. राखाडी पाणी मनगटावरून कोपरापर्यंत ओघळायचं, बांगड्यांच्या मधे साचायचं. घासता घासता, काढून ठेवलेल्या एका दाराच्या कडेला जुन्या रंगांचे थर उघडे पडले: वर मळकट क्रीम, त्याखाली मास्तरांनी स्वतः कुंचल्यानं फासलेला हिरवा, त्याखाली मूळचा पांढरा, त्याखाली तांबूस, आणि मग पत्रा. चिंचोक्याएवढ्या जागेत पाच गोल, एकात एक. ती बघतच राहिली. ह्यातला पांढरा रंग जेव्हा नवा होता तेव्हा ती नेसरीच्या शाळेत पहिलीला असेल, आणि ही गाडी कुठल्यातरी रस्त्यावरून नवी नवी धावत असेल, आतमध्ये कुणीतरी हसत असेल. वस्तू काही विसरत नाही, तिला वाटलं. वस्तूवर थर चढतात एवढंच. आणि माणसावर? आपण दीड वर्षापूर्वी कोण होतो ते आपल्या कडेला घासून कुणी बघितलं तर दिसेल का? तिला स्वतःचं आधीचं चालणं आठवेना. पोटापुढं हात धरून चालायची सवय अजून गेली नव्हती; पोट गेलं होतं, हात तिथंच होता.

पण तिच्या हाताबद्दल घरात सगळ्यांना जे ठाऊक झालं होतं त्याच्या उलट एक गोष्ट तिला एकटीला ठाऊक होती. ह्याच हातानं ती स्वतःच्या लेकीच्या डोक्याला शिवत नव्हती. नेसरीला, बाराव्या दिवसानंतर कधीतरी, आई मागच्या दारी गेली होती आणि ती सौंदर्याचं टोपडं बदलत होती. सहज तळवा टाळूवर गेला. तिथं हाड नव्हतं. तिथं एक मऊ, ओली नसूनही ओली वाटणारी जागा होती आणि ती आतून धडधडत होती. त्याच क्षणी रडणारी पोर एकदम गप्प झाली. बहुतेक तिला उचकी लागली असेल, बहुतेक तिला कावळा दिसला असेल. पण शिवांजलीला वाटलं, आपण दाबलं. आपलं बोट आत गेलं. आई परत आली तेव्हा पोर हातपाय हलवत होती आणि शिवांजली भिंतीला टेकून घामानं निथळत बसली होती. आईला वाटलं, अशक्तपणा. कुणाला सांगायचं? सांगायचं काय? की देवानं माझ्या लेकीच्या डोक्यात एक दार उघडं ठेवलंय आणि मला त्याची भीती वाटते? त्यानंतर टोपड्याशिवाय तिनं तिला घेतलंच नाही. पाजताना टोपडं, झोपवताना टोपडं. तेल लावणं, न्हाऊ घालणं आईकडं होतं. इथं आल्यावर गंगव्वाची मनगटं संधिवातानं धरलेली, ओलं पोर त्यांच्या हातात ठरायचं नाही, म्हणून त्यांनी बयाबाईला लावलं. बयाबाई सकाळी येई, पाटावर बसून पाय लांब सोडी, पोरीला नडग्यांवर आडवी घेई आणि चार बोटांनी टाळूवर तेल थापटी, थप थप थप, जशी भाकरी थापावी. शिवांजली दाराआड टॉवेल घेऊन उभी राही आणि त्या प्रत्येक थापेला टॉवेलाची घडी मोडून पुन्हा घाली. लोकांना वाटे, किती हौसेनं बघते. मोठी हौस.

मध्यंतरी एका सोमवारी गाडीला लाकडी डॅशबोर्ड बसवायचा घाट घातला. सोमेशच्या मनात आणखी पुष्कळ होतं: पुढची सीट उंच करायची म्हणजे शिवांजलीला चालवता येईल, मागच्या बाकाला कठडा करायचा म्हणजे पोर निजेल, दारांना आतून बुरूड आळीतल्या चटया लावायच्या. पण डॅशबोर्ड अप्पांनी स्वतःकडं घेतला होता. सागवानाची एक फळी त्यांनी आठवडाभर घोटली होती. तिच्यावर रंधा असा फिरवलेला की तिच्यात खिडकी दिसावी. वाजतगाजत ती आणली आणि बसवायला गेले तर बसेना. अर्धा इंच लांब. अप्पांनी पुन्हा मोजलं, बरोबर. सोमेशनं मोजलं, चूक. दोघं पट्ट्या हातात घेऊन एकमेकांकडं बघत राहिले आणि मग सोमेश गाडीत आडवा पडून हसायला लागला. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं. म्हणून पॅटर्नवाल्यांची पट्टी वेगळी असते, तिच्यावरचा फूट आपल्या फुटापेक्षा जरा मोठा असतो. जन्मभराच्या सवयीनं अप्पांनी तीच पट्टी वापरली होती. ही फळी तर कुठं आकसणार नव्हती. अप्पा आधी खट्टू झाले, मग म्हणाले, "गाडीच तापीव लेका, ती वाढंल." गंगव्वा आतूनच ओरडल्या की बाप लेकासारखा आणि लेक बापासारखा, मी कुठं जाऊ यव्वा. शिवांजली हसली, पण नंतर ती पट्टी हातात घेऊन किती तरी वेळ पडवीत बसली. पोलादाची, जुनी, आकडे झिजलेले. तिनं साधी पट्टी तिच्या शेजारी धरली. सुरुवातीला दोन्हींच्या रेघा जुळत होत्या. पुढं पुढं एक रेघ हळूच निसटत जाई, आणि फुटाच्या टोकाला पोचेपर्यंत दोघींची ताटातूट झालेली असे. पुढं काय उणं होणार आहे ते धरून आधीच जरा अधिक करायचं. असा विचार करणारी माणसं ह्या घरात राहतात, आणि रोज आमटीत मीठ कमी म्हणून कुरकुरतात. तिला सासऱ्यांच्या टकलाकडं बघून एकदम गलबलून आलं. तिचं अंग नऊ महिने वाढलं आणि मग आकसलं, पण ते कुठल्या पट्टीनं कुणी मोजून ठेवलं होतं? की ठेवलं होतं कुणीतरी? तिनं दोन्ही पट्ट्या खिळ्याला जिथल्या तिथं लावल्या.

गाडी रंगाला आली तसं घराला वारं चढलं. सोमेशनं रंगाचा कॉम्प्रेसर मित्राकडून सोमवारपुरता मागून आणायचं ठरवलं, सोमवारी उद्यमनगर बंद म्हणून. त्याच आठवड्यात एका सकाळी बयाबाई पोरीला धुरी देता देता म्हणाली, "मी काय आता सोमवारपासनं येत न्हाय बघा. लेकीचं दिवस भरल्यात, पन्हाळ्याखाली दिलीया तिला. आणि आता कशाला पायजे मी? मान धरलीया पोरीनं. आईनं घालावं की न्हाऊ." गंगव्वा म्हणाल्या, घालंल की, न घालायला काय झालं. शिवांजलीनं मान हलवली. बयाबाईनं पोर तिच्या हातात दिली, आणि तिच्याकडं जरा रोखून बघितलं. ती पोरगी अजून उघड्या डोक्याची होती. शिवांजलीनं एका हातानं टोपडं ओढलं, दातांनी नाडी धरली आणि बांधली.

"हातात धरा तिला, वैनी," बयाबाई हळूच म्हणाली. "पाव्हण्याचं पोर धरल्यागत धरताय."

हे कुणी ऐकलं नाही, पण शिवांजलीला ते दिवसभर ऐकू येत राहिलं. भाजी चिरताना, दुपटी पिळताना. म्हणजे दिसतं ते. बयाबाईला दिसलं, उद्या गंगव्वा आत्तींना दिसेल, मग सोमेशला, आणि आणखी थोडी वर्षं गेली की ह्या पोरीलाही दिसेल की आईचा हात आपल्या डोक्यावर कधी आलाच नाही. आणि असंही नव्हतं की तिला माया नव्हती. रात्री ती तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. मायाच इतकी होती की हात तिच्या वजनानं खाली येईना. दुपारी ती बॉनेटवर हात फिरवायला गेली आणि तिला काहीच कळलं नाही. हात नुसता हात होता, पत्रा नुसता पत्रा, दोन्ही गार. तिनं डोळे मिटले तर आत बयाबाईची थप थप थप. खडू तसाच मुठीत राहिला. संध्याकाळी अप्पांनी पंचा पसरला आणि तिच्या हातातून सुटलेले एकामागून एक उंचवटे काढले. रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "आज हात कुठं ठेवून आलीस गं?" त्यांना वाटलं दमली असेल. सोमेश म्हणाला, राहू दे, सोमवारी रंगाआधी एकदा शेवटचा हात तिनंच फिरवायचा, तिच्याबिगर मी बार उडवत न्हाय.

सोमवार उजाडला. कॉम्प्रेसर आला, त्याच्याबरोबर सोमेशचा मित्र आला, गल्लीतली दोन माणसं नुसती बघायला आली. गंगव्वा त्यांच्यासाठी पोह्यांच्या मागं लागल्या. बयाबाई येणार नव्हतीच, तरी शिवांजलीनं फाटकाकडं दोनदा बघितलं. बंबात पाणी उकळत होतं. शेवटी तिनं पोरीला उचललं, न्हाणीघरात गेली आणि दार लोटलं. पाटावर बसली. पाय लांब केले. साडी मांड्यांपर्यंत वर घेतली, पोरीला नडग्यांवर ठेवलं. इतकी हलकी, आणि तरी पायांत मुंग्या येतील असं वजन. मग टोपड्याची नाडी सोडली. सौंदर्या तिच्याकडं टक लावून बघत होती. काळ्याभोर डोळ्यांत न्हाणीघराची जाळी, जाळीतलं ऊन, आणि उन्हात एक बाई. तेलाची वाटी कोमट होती. तिनं तळव्यावर तेल घेतलं. हात हवेत थांबला. बाहेर कॉम्प्रेसर सुरू झाला, सगळं घर थरथरायला लागलं, पोरीनं दचकून दोन्ही मुठी वर उचलल्या, ओठ काढले, आता रडणार, आणि तिला सावरायला शिवांजलीचा हात, काही विचारायच्या आत, खाली आला.

टाळूवर आला. तसाच राहिला. तिनं डोळे मिटले. ती वाट बघत होती की पोर गप्प होईल, की बोट आत जाईल. पण तळव्याखाली उतार लागला, आणि हात आपोआप बघू लागला. पत्र्यावर त्यानं महिनाभर दोष शोधले होते; इथं तो शोधत नव्हता. कपाळाकडून हाड येत होतं आणि ते कुठं संपलं हे कळतच नव्हतं, इतकं ते बारीक होत होत मऊपणात मिसळत होतं. कुणी घोटलं होतं हे? दोन्ही बाजूंनी तसंच, मागून तसंच, चौकोनी पतंगासारखी एक जागा, कडांना कुठं खोच नाही, कुठं उंचवटा नाही. अप्पांनी जन्मभर रंधा मारला तरी असा उतार साधला नसता. आणि मधोमध ते धडधडणं. ते तिला ढकलत नव्हतं, बोलावतही नव्हतं. ते आपलं चाललं होतं, त्याला तिचं काही नव्हतं. हा खळगा कुणी भरायचा नव्हता. तो आतून मिटत होता. रोज, ती दारात टॉवेल घेऊन उभी असतानाही, ती घाबरून झोपेतून उठत असतानाही, तो एकेक कणानं मिटतच होता. एक दिवस तो नसेल. एक दिवस इथं हाड असेल, केस असतील, त्यांत भांग असेल, आणि ह्या हाताला हे कधी कळलं होतं याचा कुठं पुरावा उरणार नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं ते हनुवटीवरून पोरीच्या पोटावर पडलं. पोर रडली नाही. तिनं हवेतली एक मूठ उघडली, आईच्या बांगड्यांत बोटं घातली आणि त्या ओढू लागली.

कॉम्प्रेसर बंद पडला. अंगणातून सोमेशनं हाक मारली की अंजू, ये की, रंग कालवलाय, एकदा हात फिरवून जा, तुझ्यासाठी खोळंबलोय सगळी. मग मित्राला काहीतरी म्हणाला आणि ते दोघं हसले. पुन्हा हाक आली.

शिवांजलीनं वाटीतलं आणखी तेल घेतलं.

"तुमचं तुम्ही बघा," तिनं आतून सांगितलं. "माझा हात गुंतलाय."